परत आलेला नारळ

"तू मागच्या दाराने ये गं. समोर पाहुणे बसलेत."

माझ्या शाळेतल्या बाईंनी हे माझ्या आईला सांगितलं. आई दारात उभी होती. लग्नातली जरीची साडी नेसून, केसांत मोगरा माळून, हातात पिशवी धरून. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. गौरीची ओटी भरायचं सामान. आईने आधी मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, आपल्या मागे दुसरंच कुणी उभं असेल, त्याला सांगितलं असेल.

मागे कुणी नव्हतं. दांडिया बाजाराचा रस्ता होता आणि पाहुण्यांच्या चपलांचा ढीग.

मग बाई माझ्याकडे वळल्या. लगेच आवाज बदलला. "आणि तू पुढूनच ये हं. युनिफॉर्म घातलास ना? शाब्बास."

एकाच दारात आमची वाटणी झाली. मी पुढे, ती मागे. मी तेव्हा सहावीत होते.

घरात मी तिला माय म्हणायची. शाळेत घातल्यावर 'आई' म्हणायचं वळण बाईंनीच लावलं. 'माय म्हणजे खेडवळ वाटतं गं,' म्हणायच्या. इथून पुढे मी मायच म्हणणार आहे.

आम्ही बडोद्याजवळ बाजव्याला राहायचो. वाऱ्याची दिशा बदलली की रिफायनरीचा वास घरात, तो वास अंगात मुरलेला. बाप भुसावळकडच्या खेड्यातला. गावात आजोबाच्या वाट्याला महारकी आली होती. कुणाकडे लग्न असो की मयत, सांगावा न्यायचा, लाकडं फोडायची, अंगण झाडायचं आणि शेवटी टोपलीत पडेल ते घेऊन यायचं. मजुरीचं नाव नाही. वेठ. बापाला मिसरूड फुटलं तेव्हा एका लग्नात त्याला लाकडं फोडायला बोलावलं. तो गेला नाही, गाडीत बसला आणि बडोद्याला उतरला. तो नेहमी सांगायचा, "मी कामासाठी गाव नाही सोडलं. फुकटच्या कामापायी सोडलं."

बडोद्यात तो एका रसायनाच्या कारखान्यात लागला. ठेकेदाराकडे. दोन-चार वर्षांत कायम करू, असं सांगितलं होतं. मग नवे दिवस आले. टीव्हीवर चॅनल वाढले, शहरात चकचकीत दुकानं आली, कंपन्यांच्या गेटवर इंग्रजीत नवे बोर्ड लागले, आणि बापाच्या कारखान्यात कायमची भरती बंद झाली. जे होते त्यांना पैसे देऊन घरी पाठवलं, त्यांच्या जागी आणखी ठेकेदार आले. बाप रोज बघत होता. इंग्रजी येणारा गेटच्या आत खुर्चीवर. न येणारा उन्हात. एकदा जेवताना तो म्हणाला, "आपल्या राखीव जागा कागदावर राहतील आन् नोकऱ्या जातील ठेकेदाराकडे. पोरीले इंग्रजी आलं नाही, तर तीबी माझ्यासारखीच."

म्हणून खासगी शाळा. घराजवळ म्युनिसिपालिटीची मराठी शाळा होती, फुकट. चाळीतल्या गुजराती शेजाऱ्याने बापाला समजावून पाहिलं, "शुं काम, भाई? छोकरी छे." मुलगी आहे, कशाला खर्च करतोस. माय आणि बाप कितीतरी दिवस याच गोष्टीवर बोलत होते. काय विकायचं, काय नेसायचं नाही, कोणत्या सणाला गावी जायचं नाही. शेवटी दोघांनी ठरवलं, आपण कमी खाऊ पण पोरगी तिथे जाईल.

त्या शाळेच्या ऑफिसात सगळं इंग्रजी आणि गुजराती. माय खुर्चीच्या टोकावर बसलेली, मांडीवर हात घट्ट धरून. टेबलापलीकडे या बाई. प्रवेशाच्या कामाला त्यांना बसवलेलं. त्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं, मान वर केली आणि मराठीत म्हणाल्या, "महाराष्ट्रातले का तुम्ही?"

मायचा चेहरा उजळला. मला अजून आठवतो. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखा. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. गाव, चाळ, बापाचं ठेक्यावरचं काम, पैशाची ओढाताण. बाई म्हणाल्या, "काळजी करू नका. मी आहे ना." ट्रस्टकडून माझी निम्मी फी माफ झाली. ती बाईंच्या शब्दावर झाली, हे बाईंनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

माय त्यांना आपलं मानू लागली. तिची ही चूक. पण ही चूक आमच्यासारख्यांकडूनच होते. गुजरातेत राहून कान मराठीला भुकेले असतात, कुणी दोन शब्द बोललं की आपण पदर पसरतो. माय त्यांच्यासाठी आमच्याकडचे ज्वारीचे पापड, बिबड्या, करून न्यायची. त्यांचे गहू निवडून द्यायची, मसाला कांडून द्यायची. हौसेने. मैत्रिणीचं करावं तसं. बाप म्हणायचा, "मराठी बोलली म्हंजे आपली होत नाही." माय हसायची. "तुम्हाले सगळे सारखेच दिसतात," म्हणायची.

ऑफिसात बाई मायला 'तुम्ही' म्हणायच्या. गहू निवडायला लागल्यावर 'तू' झालं. माय म्हणाली, जवळीक वाढली.

त्या वर्षी गौरीजेवण रविवारी आलं. बाई मायला म्हणाल्या, "गौरीला या ना आमच्याकडे दोघी. आपलंच घर समजा. हिला युनिफॉर्मच घाल." बापाने नाक मुरडलं. गौरीबिरी आपण कधीच सोडलं, म्हणाला. आमच्या भिंतीवर एकच फोटो होता, निळ्या कोटातला. माय म्हणाली, "मी देवीसाठी नाही चालली. बाईनं बोलावलं म्हणून चालली. बोलावणं आलं तर जावं लागते." शनिवारी ती मांडवीच्या बाजारापर्यंत गेली आणि नारळ घेऊन आली. कानाशी धरून हलवून, आतलं पाणी ऐकून घेतलेला. खण हिरवा, लाल काठाचा. मायने स्वतःसाठी तसा खण कधी घेतला नव्हता.

आणि रविवारी ती त्या दारात उभी होती. मागच्या दाराने ये गं.

माय गेली. बोळातून वळसा घालून गेली. मला कळेना, मी तिच्यामागे जावं की आत. बाईंनी माझा दंड धरला आणि आत नेलं.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, पंखा गरगरत होता, उदबत्तीचा धूर. सजलेल्या दोन गौरी. रेशमी साड्यांतल्या बायका. खुर्चीत काळी टोपी घातलेले एक आजोबा, ज्यांचे वडील संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. हे मला कळलं कारण त्यांनीच ते बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा सांगितलं. बाईंनी मला मधोमध उभं केलं. "ही आमच्या शाळेतली. म्हण गं ती इंग्लिश पोएम."

मी म्हटली. शाळेत म्हणायची तशी, हात मागे बांधून.

"नाव काय?" टोपीवाल्या आजोबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"पूर्ण नाव?"

पूर्ण सांगितलं. आडनाव ऐकून त्यांनी 'हं' केलं. बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या, एखादी अवघड भाजी जमली की बाया हसतात तशा. "बघा ना. कोणी म्हणेल का?"

"छे छे. अजिबात नाही," आजोबा म्हणाले. "उच्चार किती स्वच्छ आहेत! अहो, आपल्या बडोद्यात हे असलं काही नव्हतंच पहिल्यापासून. संस्थानच पुढारलेलं."

स्वच्छ. हा शब्द त्यांनी माझ्या जिभेसाठी वापरला. जणू जीभ घासून आणली होती.

मला भिंतीवरचा निळा कोट आठवला. बाप सांगायचा, ते विलायतेहून शिकून याच शहरात नोकरीला आले आणि याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. हे आजोबांना सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही.

पाणी प्यायला म्हणून मी आतल्या बोळात गेले. बोळाच्या टोकाला मागचं अंगण. तिथे नळाखाली माय बसली होती. जरीची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. समोर तांब्या-पितळेचा डोंगर. समया, तबकं, पराती, घंगाळ. ती चिंच लावून घासत होती. चिंचेचा लाल कोळ तिच्या कोपरापर्यंत ओघळलेला, साडीच्या काठावर डाग. घासून, नळाखाली धुऊन भांडं ती कट्ट्यावर ठेवायची. मग बाईंची जाऊ यायची, हातात वेगळी कळशी घेऊन, आणि त्या भांड्यावर वरून पाणी ओतायची. मग उचलायची. मग आत न्यायची.

प्रत्येक भांड्यावर. माय घासायची, ती धुवायची. मायने धुतलेलं ती धुवायची.

मायने मला पाहिलं. "जा ना आत," म्हणाली. "पोयम म्हटली का?"

त्यांना आमची किळस वाटते हे मला घरात सांगून माहीत होतं. पण आपल्यालाही त्यांची किळस वाटू शकते, हे मला त्या बोळात कळलं. त्या ओतलेल्या पाण्याची किळस. त्या चकचकीत समयांची. मायने घासलेलं सोनं आणि वर यांचं सोवळं. थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. तहान तशीच ठेवून परत गेले.

मग पंगत. जमिनीवर केळीची पानं, भोवती रांगोळी. मला बसवलं, सगळ्यात शेवटी, दाराजवळच्या पानावर. बाई मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही नाही हं. सगळे एका पंगतीत." बायकांनी माना डोलावल्या. कौतुकाने. माय कुठे बसणार, हे कुणी विचारलं नाही. कारण माय कोण, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

पुरणपोळी वाढली. वर तूप. मी घास तोडला, तोंडात घातला, आणि तो गिळेना. मागे नळाचा आवाज येत होता. पानावर तूप थिजत गेलं, पिवळट पांढरं. आजही कुठे पुरणाचा वास आला की मी ताट बाजूला सारते. लोक विचारतात, पुरणपोळी आवडत नाही? मराठी असून? मी सांगत नाही बसत. शिसारी येते म्हणते.

जेवणं झाली. पंगत उठली. बायका हात धुवायला गेल्या, आजोबा सुपारी कातरत खुर्चीत बसले. बाईंनी मागच्या बाजूला हाक मारली, "ये गं, पानं उचलून घे."

माय आत आली. त्या घराच्या आत ती पहिल्यांदा आली ती अशी. ओली साडी, हातात वेताची टोपली, केसांतला मोगरा मानेवर लोंबलेला. ती ओणवी झाली आणि पलीकडच्या टोकापासून पानं उचलू लागली. लोकांचं उष्टं. चावलेली पोळी, शेवग्याचे चोथे, लिंबाच्या फोडी. एक पान दुमडायचं, टोपलीत. दुसरं दुमडायचं, टोपलीत. ती माझ्याकडे सरकत येत होती. आणि मी माझ्या पानाशी बसून.

मला कळलं की ती आता माझंही पान उचलणार.

गावात बापाचा बाप टोपलीत उष्टं आणत असे. बाप त्या टोपलीला लाथ मारून गाडीत बसला. आणि इथे, बडोद्यात, इंग्रजी शाळेच्या नावाने, टोपली परत आमच्या घरात आली होती. मायच्या हातात. माझ्यापायी.

मी माझं पान उचललं. दुमडलं. उभी राहिले.

"अगं, ठेव ते," बाई म्हणाल्या. "आई उचलेल ना."

"आई?" टोपीवाल्या आजोबांचा अडकित्ता थांबला. "ही हिची आई?"

"हो ना," बाई हसल्या. "म्हणून तर म्हणते, कोणी म्हणेल का?"

सगळ्यांनी मायकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत मायकडे. बाजारात दोन गायी ताडून बघतात तसं. आणि माय हसली. हातात उष्टी पानं धरून हसली. तिला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय.

त्या हसण्याने माझ्यात काहीतरी तुटलं. मी बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मी म्हणते," मी म्हणाले. "ही माझी माय आहे. मी म्हणते."

मग मी मायला म्हणाले, "माय, टोपली ठेव. चाल घरी."

मायने टोपली ठेवली नाही. ती घाबरली. "गप बस," ती कुजबुजली. "तुही शाळा हाय यायच्या हातात." आणि ती पुढचं पान उचलू लागली. मी तिला दोष देत नाही. ज्याच्या हातात लेकराचं भविष्य, त्याचं उष्टं माणूस उचलतं. मला किळस आली ती तिची नाही. जिने तिला हे उचलायला लावलं आणि वर हसली, तिची.

मी पुढच्याच दाराने बाहेर पडले. पान हातात घेऊन. दांडिया बाजारात दुपारचं ऊन, देवळापुढे एक गाय उभी होती. पान तिच्यापुढे टाकलं. तिने खाल्लं. मी रस्त्यावर उभी राहिले, मायची वाट बघत.

बऱ्याच वेळाने ती बोळातून आली. सगळी पानं उचलून, दिवाणखाना पुसून आली होती. पिशवी जड होती. मागून बाई ओट्यावर आल्या. माझ्याकडे न बघता मायला म्हणाल्या, "हिला समजावून सांग. वळण चांगलं होतं, कुठून शिकते हे? उद्या शाळेत सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला सांग. मग बघते फीचं काय करायचं ते."

बसमध्ये माय खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, घरी गेल्यावर मारणार. बाजव्याच्या अलीकडे तिने पिशवीत हात घातला, बाईंनी काय दिलंय बघायला. वर पुरणपोळ्यांची पुरचुंडी. वर्तमानपत्रात बांधलेली. त्याखाली तिचा हात थांबला. तिने बाहेर काढला तो नारळ. मग हिरवा खण. मग तांदळाची पुडी. हळद. कुंकू. तिने नेलेलं सगळं. पिशवीच्या तळाशी जसंच्या तसं. कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

गहू घेतले होते. बिबड्या खाल्ल्या होत्या. समयांवर पाणी ओतून का होईना, त्या देवीपुढे लावल्या होत्या. पण नारळ परत आला.

माय त्या नारळाकडे बघत राहिली. मग तिने पोळ्यांची पुरचुंडी बसच्या खिडकीतून बाहेर फेकली. माय, जी ताटातलं शीत पडू देत नसे. "आपल्याले बोलावलंच नव्हतं," ती म्हणाली. एवढंच.

घरी बापाला सगळं कळलं. मला वाटलं होतं बाप पेटणार. तोच तर वेठ नको म्हणून गाव सोडून आलेला. पण तो डोकं धरून बसला. मग म्हणाला, "सॉरीच म्हणायचं ना? एक शब्द. मी रोज म्हणतो सुपरवायझरले. म्हणून टाक पोरी. शाळा गेली तर पुन्हा भेटणार नाही."

तो खरं बोलत होता. शाळा गेली तर काय जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गेटच्या आतली खुर्ची जाते.

माय म्हणाली, "नाही म्हणायचं."

"मग शिकणार कशी?"

"शिकल तशी शिकल." तिने नारळ बापापुढे ठेवला. "हे पाहा. हे परत पाठवलं तिनं."

बापाने नारळ हातात घेतला. उंबऱ्यावर फोडला. आम्ही तिघांनी तो नुसताच खाल्ला. पाणी माय प्यायली.

सोमवारी बाप मला सायकलवर घेऊन शाळेत गेला. गेटवरच्या वॉचमनने अडवलं, "अंदर नथी जवानुं." आत जायचं नाही. बाप म्हणाला, बाईंनी बोलावलंय. व्हरांड्यात बाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे माझ्या वर्गाची रांग. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "चल, सॉरी म्हण, बेटा. मग विसरून जाऊ आपण."

मी म्हटलं नाही. बापाने माझ्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं, मी तेव्हा 'सॉरी' म्हटलं असतं तर तो मला काही बोलला नसता, पण आयुष्यभर माझ्याकडे सरळ बघू शकला नसता.

तो बाईंना म्हणाला, "बाई, नारळ परत का पाठवला?"

बाई गोंधळल्या. त्यांना तो प्रश्न अपेक्षित नव्हता. "अहो, गौरीला सोवळं असतं आमच्याकडे. सासूबाईंच्या वेळेपासून. त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं?"

"मग हिला पंगतीत कसं बसवलं?"

"हिची गोष्ट वेगळी," बाई म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "ही शिकतेय. ही आता आमच्यासारखी होतेय."

बापाने माझा हात धरला. मग म्हणाला, "दाखला द्या तिचा."

"पस्तावाल," बाई म्हणाल्या. "तुमच्या भल्यासाठी सांगते."

त्यांचं ते भलं. असल्या भल्याचीच मला सगळ्यात जास्त घाण येते. उघड शिवी देणारा माणूस परवडला. तो दार बंद तरी करतो. हे लोक दार उघडतात, पोरीला आत घेतात, आईला मागे पाठवतात, आणि वर म्हणतात, बघा, आमच्या घरात असलं काही नाही.

मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातलं. हिरव्या खणाचं पोलकं शिवून, ते घालून माय मला सोडायला आली. ती शाळा चांगली होती असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू. गणिताचे गुरुजी जनगणनेला, निवडणुकीला, पोलिओच्या कामाला पळायचे, वर्ग आमच्याच भरवशावर असायचा. संडासाला दार नव्हतं. बाकं मोडकी. माझं इंग्रजी तिथेच थांबलं. ते परत आलं नाही. कॉलेज झाल्यावर मी खासगी कंपन्यांत मुलाखती दिल्या, चकचकीत ऑफिसात, थंड हवेत, आणि समोरच्यांनी इंग्रजीत विचारलेलं मला कळायचं, पण उत्तर तोंडातून फुटायचं नाही. समोरचे एकमेकांकडे बघून हसायचे. बापाला जी खुर्ची हवी होती ती मला मिळाली नाही. शेवटी एका विमा कार्यालयात लागले. कागद लावायचं काम, तेही कंत्राटावर. बापाचं खरं ठरलं. बाई म्हणाल्या होत्या, पस्तावाल. त्यांचंही अर्धं खरं ठरलं.

पण मी पस्तावले नाही. नुकसान झालं आणि पस्तावले नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मायला कधी विचारलं तर ती म्हणते, "गेलं ते इंग्रजी. तू तर राहिली ना."

आता माझी लेक शाळेच्या वयाची झाली आहे. पुन्हा तोच विषय. घरात रोज. आता तर शहरात खासगी शाळांचं पीक आलंय. नवरा रेल्वेत आहे, त्याच्या पगारावर फी भरली तर घर कसं चालवायचं, यावर आमची रोज चर्चा. मी खासगी शाळेच्या विरोधात नाही. इंग्रजी आलं पाहिजे. मला माहीत आहे ते नसलं तर काय होतं. माझ्या तोंडात ते रोज अडकतं.

परवा ऑफिसातली एक बाई म्हणाली, "मारे ओळखाण छे, बेन. फी ओछी करावी आपशे. एक वार एमना घरे जई आवजो." ओळखीच्या मॅडम आहेत, फी कमी करून देतील, फक्त एकदा त्यांच्या घरी जाऊन या. ती प्रेमाने म्हणाली. तिला काय माहीत.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन ये ना. त्यात आपलं काय जातं?"

काय जातं ते मी पाहिलंय. पिशवीच्या तळाशी पाहिलंय.

मी त्या मॅडमच्या घरी जाणार नाही. गहू निवडायला नाही, बिबड्या द्यायला नाही, पाया पडायला नाही. शाळेच्या ऑफिसात जाईन, पुढच्या दाराने, आणि फी किती ते विचारीन. परवडली तर भरीन, पूर्ण भरीन, पावती घेईन. नाही परवडली तर लेक म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाईल, आणि तिथे मास्तर आला नाही तर मी वर्गाच्या दारात बसेन, साहेबाच्या दारात बसेन, कागदावर कागद देईन, आणि तो येईपर्यंत उठणार नाही. कुणाच्या मेहेरबानीने माझी लेक शिकणार नाही. कुणी तिला मधोमध उभं करून विचारणार नाही, कोणी म्हणेल का.

आणि जेवायला कुणी बोलावलंच, तर तिला मी आधीच सांगून ठेवलंय. आपलं पान आपण उचलायचं. फक्त आपलं. बाकीच्यांनी आपापलं उचलावं.